हॉटेलातल्या खुर्चीचा इतिहास

तालुक्याच्या गावात नवे हॉटेल निघाले की कॉलेजातली, कचेरीतली मंडळी एखाद्या दुपारी मिळून तेथे जेवायला जातात. एका टेबलाभोवती चार-पाच जातींची माणसे बसतात, एकाच भांड्यातली भाजी वाढून घेतात, बिल वाटून देतात. 'आता कुठे राहिली आहे जात?' हा प्रश्नही बहुधा अशाच टेबलावर निघतो. प्रश्न विचारणाऱ्याला आपण बसलो त्या खुर्चीचा इतिहास माहीत नसतो. आपल्याला तो माहीत असला पाहिजे.

१९१७ साली परदेशात उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. गावात हिंदूंच्या खाणावळी होत्या, पण तेथे अस्पृश्याला थारा नव्हता. पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. जात उघड झाली तेव्हा काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि जागा सोडावी लागली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांकडूनही तो मिळाला नाही. कचेरीत शिपाईसुद्धा त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. पदवी होती, हुद्दा होता, जेवणाचे पैसे द्यायची तयारी होती. या तिन्हींनी मिळूनही त्यांना एक ताट आणि एक खोली मिळवून दिली नाही. शिक्षण आणि पैसा आला की जात आपोआप जाते, असे म्हणणाऱ्यांनी या घटनेचे उत्तर द्यावे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी वेगळा मार्ग काढला. गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः गाडी थांबवून तेथला चहा घेतला. छत्रपतीच चहा पितात म्हटल्यावर बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो प्यावा लागला. हे कृत्य थोर होते यात शंका नाही. परंतु राजाच्या मनावर अवलंबून असलेली समता राजाबरोबरच संपू शकते. ती हक्क म्हणून मागता येत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत, असा तो ठराव. तो कागदावरच राहू नये म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले आणि त्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागली. पण या ठरावाचा हात खाजगी मालकीच्या हॉटेलापर्यंत पोचत नव्हता. 'दुकान माझे, गिऱ्हाईक मी निवडीन' ही मालकाची भाषा अबाधितच राहिली.

ही भाषा खरी मोडली ती संविधानाने. कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे भेदभाव करण्याची मनाई सरकारपुरती थांबली नाही. ती मालकाच्या गल्ल्यापर्यंत गेली. २९ नोव्हेंबर १९४८ च्या चर्चेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ बाबासाहेबांनी मुद्दाम व्यापक केला: पैसे घेऊन सेवा देणारी कोणतीही जागा त्यात येते. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने हॉटेलात प्रवेश नाकारणे आणि तेथली भांडी वापरू न देणे शिक्षापात्र ठरवले. १९७६ मध्ये दुरुस्ती होऊन तोच नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. भांड्यांचा उल्लेख कायद्याला का करावा लागला, हे खेड्यातल्या हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली कपबशी ज्यांनी स्वतः विसळली आहे त्यांना सांगायला नको.

तेव्हा हॉटेलातली खुर्ची कुणाच्या मनाच्या मोठेपणातून आलेली नाही. ती लढ्यातून आणि कायद्यातून आली आहे. आणि ती जिथे संपते तिथे कायद्याचा हातही अनेकदा तोकडा पडतो. हॉटेलात आपण गिऱ्हाईक असतो. स्वयंपाक कुणी केला, शेजारी कोण बसला, याची चौकशी होत नाही. तेच सहकारी स्टाफरूममध्ये डबा उघडताना मात्र आपापली टोळी करून बसतात. भाड्याने खोली मागायला गेले की आडनाव विचारतात. सत्यनारायणाच्या पूजेचे निमंत्रण सर्वांना असते, जेवणाचे मोजक्यांना. केवळ सहभोजनाने जात मरणार नाही, तिची मुळे धर्मशास्त्राच्या श्रद्धेत आहेत, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिनिर्मूलना'त बजावले होते.

म्हणून हॉटेलातल्या एकत्र जेवणाला क्षुल्लक मानू नये आणि जातिअंतही मानू नये. आपल्या वर्गातल्या मुलांना कलम १५ चा क्रमांक पाठ असतो. परीक्षेत त्याला दोन गुण असतात. त्या कलमात हॉटेलाचे नाव का आहे, हे मात्र कुणी शिकवत नाही. निदान एवढे तरी शिकवणे आपल्या हाती आहे.