देगलूरचे दप्तर

1956च्या राज्यपुनर्रचना कायद्याचे आठवे कलम म्हणजे नुसती यादी आहे. नव्या मुंबई राज्यात हैदराबाद राज्याचा कोणता मुलूख यायचा, हे सांगत ती भराभर पुढे सरकते आणि नांदेड जिल्ह्यापाशी अडखळते. जिल्हा घ्यायचा, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले सोडून. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले सोडून. आंध्राच्या कलमात हीच पाच नावे पुन्हा भेटतात, तिथे जमेच्या बाजूला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी कायदा अमलात आला आणि एका तालुक्याचे दोन राज्यांत वाटप झाले.

जमीन वाटायला कायद्याला अर्धी ओळ पुरली. दप्तर इतक्या सहज वाटता येत नाही. गावाचा नकाशा गावाबरोबर जाईल. पण एकाच आवक-जावक वहीत, एकाच फसली सनाखाली, देगलूर आणि जुक्कल शेजारी शेजारी नोंदलेले असतील तर पान कुठे फाडायचे?

हा प्रश्न कागदांचा आहे तितकाच शब्दाचाही. ‘दप्तर’ म्हणजे नेमके काय?

मूळ बहुधा ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे कमावलेले कातडे. आयोनियन ग्रीक पपायरसच्या पुस्तकांनाही कातडीच म्हणत, कारण पूर्वी ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत, असे हेरोडोटसने आपल्या पाचव्या भागात नोंदवले आहे. इराणच्या दरबारी राहिलेला ग्रीक वैद्य क्तेसियस तर आपण ‘राजाची कातडी’ पाहून इतिहास लिहिला असे सांगे. तो शब्द फारसीत ‘दफ्तर’ झाला आणि फारसीचे बोट धरून दख्खनेत आला. या साऱ्या प्रवासात त्याचा अर्थ कचेरी नव्हता आणि पिशवी तर नव्हताच. लिहून, लावून, राखून ठेवलेला संग्रह म्हणजे दप्तर.

पुण्याच्या कागदांत हा अर्थ स्वच्छ दिसतो. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराची दोन मोठी अंगे होती. चालते दफ्तर रोजचा कारभार पाही. एकबेरीज दफ्तर जुने हिशेब वर्गवार लावून ठेवी. चालत्या दफ्तराचा एक विभाग म्हणजे फड. (देगलूरच्या माणसाला फड म्हटले की पंढरपुरातला देगलूरकर महाराजांचाच आठवणार. एक फड हिशेबाचा, दुसरा हरिनामाचा. बैठक मात्र दोन्हीकडे लागते.) गो. स. सरदेसायांनी या संग्रहातून निवडलेले कागद 1930 ते 1934 या काळात 45 खंडांत छापले गेले. पुण्यातल्या मोडी कागदांची मोजदाद आजही ‘रुमालां’त होते आणि तो आकडा सत्तावीस हजारांच्या घरात आहे. रुमाल म्हणजे कागद बांधायचे फडके. मापाला नाव मिळाले ते बांधणाऱ्या कापडाचे.

मराठी दप्तराची पुढची गोष्ट मला या फडक्यात दिसते. उर्दूने आणि हिंदीने संग्रहावरून संग्रहाच्या जागेकडे उडी मारली. तिकडे दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीने जागेऐवजी गाठोडे धरले. कागद फडक्यात बांधले की दप्तर झाले, तसे पोराची पाटी आणि पुस्तके फडक्यात बांधली की तेही दप्तर. पुढे फडक्याची पिशवी झाली, पिशवीला बंद आले, पाठीवर ओझे आले. नाव तेच राहिले. उच्चारातही वाटणी झालेली दिसते. शाळेचे ते बहुधा ‘दप्तर’, सरकारी दिरंगाई मात्र ‘दफ्तरदिरंगाई’. पोरांच्या तोंडी फारसी ‘फ’ टिकला नाही, साहेबाच्या तोंडी टिकला.

निजामाच्या राज्यात दोन्ही अर्थ एकाच वेळी चालत असणार, कारण कारभार फारसीचा, पुढे उर्दूचा, आणि देशपांडे-कुलकर्ण्यांची लेखणी मोडीची. तिथे मुलखाच्या वसुलाची दप्तरेच दोन होती. दफ्तर-ए-दिवानीकडे मराठवाडा आणि दफ्तर-ए-मालकडे तेलंगण. पहिले रायरायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे वंशपरंपरेने चाले, दुसरे मालवाला या माथुर कायस्थ घराण्याकडे. पहिला सालारजंग 1853 मध्ये दिवाण झाला तोवर कागद म्हणजे या घराण्यांची जणू मिरासच होती. कोणत्या गावाचा वसूल किती आणि कोणाचे इनाम खरे, हे ज्याच्या गाठोड्यात त्याच्याच हाती मुलूख. सालारजंगाने दप्तरे सरकारकडे ओढली आणि 1865 मध्ये जिलाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्हावार मांडणी, करून पगारी अधिकारी नेमले. देशमुख-देशपांड्यांच्या हाती रुसूम, म्हणजे हक्काची ठरलेली रक्कम, तेवढी उरली. मला यात महसुली सुधारणेपेक्षा दप्तराची मालकी बदलणे मोठे वाटते.

1956च्या कायद्याने मराठवाडा आणि तेलंगण वेगळे केले असे आपण म्हणतो. कागदावर ते त्याच्या कितीतरी आधी वेगळे होते, आणि देगलूरचा टापू त्या दोन मुलखांच्या शिवेवर होता.

निजामाच्या दप्तराचा थोरला हिस्सा आज हैदराबादेत, तारनाक्याच्या अभिलेखागारात आहे. त्यातच शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले सुमारे दीड लाख मोगल कागद आहेत, औरंगाबादच्या किल्ले अर्कातून तिकडे गेलेले. निलंग्याला 1910 मध्ये जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी मोगलांच्या फारसी अखबारांतून ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ मराठीत आणली. मराठवाड्याच्या माणसाला आपल्याच मुलखाचा इतिहास वाचायला आधी फारसी शिकावी लागली, ही दप्तराच्या भाषेने घेतलेली फी.

हलवता न येणारे दप्तरही या तालुक्यात आहे. देगलूरजवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आणि त्यांचे शिलालेख जागचे हलले नाहीत. श्रीनिवास रित्ती आणि ग. चं. शेळके यांनी 1968 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या कोरीव लेखांचे पुस्तक काढले, त्यात हा टापू वाचता येतो. कन्नड आणि संस्कृत दगडावर, फारसी-उर्दू आणि मोडी कागदावर, आणि बोलणे मराठी-तेलुगू: एका तालुक्यासाठी हे फार झाले.

‘दप्तर’ या शब्दाचा जुना अर्थ महसूल खात्याने अजून सांभाळला आहे. ‘तलाठ्याचे दप्तर तपासले’ म्हणजे पिशवी नाही, कचेरीही नाही. गावनमुन्यांचा सबंध संच. ‘दप्तरी दाखल’ म्हणजे विषय संपला. अभिलेख कक्षात अ वर्गाचे, कायम राखायचे कागद लाल कापडात बांधतात. ब हिरव्यात, क पिवळ्यात, ड पांढऱ्यात. रंग पाहिला की कागदाचे आयुष्य कळते. जमिनीचा जुना हक्क दाखवायचा तर मराठवाड्यात अजून 1954चे खासरा पत्रक मागतात, म्हणजे तालुका फुटण्याच्या दोन वर्षे आधीचे. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा हीच गाठोडी मराठवाड्यात तालुक्या-तालुक्यांत सोडली गेली आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ज्या विषयाला ‘दप्तरी दाखल’ म्हणून मोकळे झालो, तो तिथेच जिवंत होता.

तालुका फुटल्यावरही बिचकुंदा आणि जुक्कल फिरत राहिले. 1956 मध्ये आंध्रात, 2014 मध्ये तेलंगणात, 2016 पासून कामारेड्डी जिल्ह्यात. देगलूर 1960 मध्ये महाराष्ट्रात आले आणि नांदेड जिल्ह्यातच राहिले. मात्र 1956च्या आधीच्या कागदांवर बिचकुंद्याचा तालुका म्हणून देगलूरच लिहिलेले आहे, आणि जुक्कलचाही.