कुत्र्याचे कूळ आणि मूळ

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा वाळूत दोन-चार गावठी कुत्री हमखास बसलेली असतात. जाळ्यातून निसटलेले मासे आपल्या वाट्याला येणार, हे त्यांना ठाऊक असते. अलीकडे सुटीला आलेल्या कुटुंबांबरोबर याच वाळूत कुरळ्या केसांचा पूडलही दिसतो. असेच एक पिल्लू पाहून शेजारच्या आजींनी विचारले होते, "ह्यां मेंढरू खंयसून हाडलंस?" मालक म्हणाले, "आजी, जातिवंत आहे!" पण जातिवंत म्हणजे काय?

गंमत अशी, की हा कुत्रा मूळचा पाण्यातलाच. जर्मन भाषेत 'पूडेलन' म्हणजे पाण्यात छपछप करणे. त्यावरून त्याचे नाव पडले. फ्रेंच लोक त्याला 'कानिश' म्हणतात. तो शब्द बदकावरून आलेला. शिकाऱ्याने टिपलेले बदक तळ्यातून आणून देणे हे त्याचे काम. पोहताना जड होऊ नये म्हणून त्याचे केस कापत आणि छाती व सांध्यांना ऊब राहावी म्हणून तेथे झुपके ठेवत, असे सांगितले जाते. आज नखरा वाटणारी ती हजामत एके काळी कामाचा पोशाख होती.

आपल्याकडेही जात कामावरूनच ठरे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला कारवानी कुत्रा दख्खनच्या माळावर सशामागे धावणारा. 2005 मध्ये तो टपाल तिकिटावरही झळकला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, अशी आठवण सांगतात. त्याची वंशावळ मात्र कुणी विचारत नाही.

हे चित्र बदलले एकोणिसाव्या शतकात. 1859 मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, आणि वंशावळीच्या वह्या सुरू झाल्या. काम मागे पडले, रूप पुढे आले. मोठ्या पूडलपासून लहान, आणखी लहान असे प्रकार जोपासले गेले. ठरावीक घराण्यांतच जोड्या लागत राहिल्या, की लपलेले दोषही वारशाने उतरतात. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होऊन अंधत्व येणे, लहान पूडलमध्ये गुडघ्याची वाटी सरकणे, हे त्यांतलेच.

म्हणून पिल्लू घेताना कागदाआधी आई पाहावी. ती शांत, निरोगी आहे का? पिल्ले तिच्याजवळच, स्वच्छ जागेत वाढली आहेत का? आई-बापांची डोळ्यांच्या आजारासाठी जनुकीय चाचणी झाली आहे का, गुडघे डॉक्टरांनी तपासले आहेत का, हे निःसंकोच विचारावे. पिल्लाचे डोळे स्वच्छ हवेत, कानांना वास नको, चाल सरळ हवी. हाक मारताच कुतूहलाने पुढे येणारे पिल्लू घरात लवकर रुळते. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर पिल्लू कितीही गोंडस असो, परत फिरावे.

शिवाय आपले हवामान आहेच. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, वाढतच राहतात. ते रोज विंचरावे लागतात, दीड-दोन महिन्यांनी कापावे लागतात. दमट हवेत लोंबत्या कानांत जंतू धरतात. समुद्रात खेळवले, तर गोड्या पाण्याने धुऊन कानांसकट कोरडे करावे. गोचिडांवर लक्ष हवे. पार्व्होची लस चुकवू नये. पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात लेप्टोची धास्ती असते, तेव्हा तीही लस डॉक्टरांना विचारून घ्यावी. एवढे जमणार नसेल, तर पडवीत झोपणारे गावठी पिल्लू काय वाईट? लस त्यालाही हवी, मायाही हवी. पण या हवेत त्याच्या कित्येक पिढ्या गेल्या आहेत.

कुत्रा घरात दहा-पंधरा वर्षे राहतो. वंशावळीच्या कागदावर त्याचे मागचे दिवस लिहिलेले असतात. पुढचे दिवस आपल्याच हाती असतात.