मोराची सुरी आणि मजबुतीचा मोह

स्वीडनच्या दालार्ना प्रांतात मोरा हे गाव आहे आणि त्याला लागून ओस्टनोर. या भागात सुऱ्या घडवण्याचा धंदा शेकडो वर्षे चालत आलेला. १८९१ साली फ्रॉस्ट-एरिक एर्सन अमेरिकेत चार पैसे कमावून ओस्टनोरला परतला आणि त्याने बर्फावरून ओंडके ओढायच्या गाड्यांचा कारखाना काढला. त्याच्या जोडीला सुऱ्याही होऊ लागल्या. १९१२ साली के. जे. एरिक्सनचा कारखाना उभा राहिला. शेजारी, पण प्रतिस्पर्धी असलेली ही दोन घराणी २००५ साली एक झाली. २०१६ पासून कंपनीचे नाव आहे मोराक्निव.

या सुरीत मिरवण्यासारखे काहीच नव्हते. पाते दोन-अडीच मिलिमीटर जाडीचे, मूठ लाकडाची, बहुधा तांबडी रंगवलेली. मुठीत शिरणारा पात्याचा भाग निमुळता आणि बारीक. धारेचा उतार मात्र रुंद व सपाट. तो दगडावर टेकवला की योग्य कोन आपोआप सापडतो, त्यामुळे नवशिक्यालाही धार लावता येते. ही सुतारांची, लाकूडतोड्यांची, मासेमारांची स्वस्त सुरी होती. मोजक्या अवजारांवर रानात राहायची जी विद्या आहे, जिला बुशक्राफ्ट म्हणतात, तिच्या लोकांनी ती नंतर आपलीशी केली. कॅनडाच्या मोर्स कोचान्स्की (निधन २०१९) यांच्या लेखनाचा आणि शिकवण्याचा त्यात मोठा वाटा.

पण या मंडळींची एक तक्रार होती. सुरीच्या पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड फोडताना ती मुठीपाशी मोडेल, ही धास्ती. २०१६ साली, म्हणजे १८९१ पासून मोजल्यास सव्वाशेव्या वर्षी, कंपनीने उत्तर दिले: गारबर्ग. पाते १०९ मिलिमीटर लांब, ३.२ मिलिमीटर जाड, न गंजणाऱ्या पोलादाचे. पोलाद मुठीतून आरपार जाऊन मागच्या टोकाला बाहेर दिसते. पाठीचा काठ काटकोनात, चकमकीची कांडी घासून ठिणगी पाडता यावी म्हणून. किंमत अर्थातच जुनीच्या कित्येक पट.

मग ही सुरी जुनीपेक्षा चांगली का? प्रश्न इथेच फसवा होतो. जाड पाते पाचरीसारखे शिरते, म्हणून लाकूड फोडायला उत्तम. तेच पाते बारीक कोरीवकामात किंवा बटाटा चिरताना अडते. उत्तरेकडच्या लाकूडतोड्याजवळ कुऱ्हाड होती, त्यामुळे सुरीवर ठोकायची वेळ त्याच्यावर क्वचित येई. ज्याच्यापाशी रानात दुसरे अवजारच नाही, त्याला गारबर्गचा भरवसा खरा. बाकीच्यांना ती कधीच न लागणारी मजबुती विकते.

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. रेंदेराच्या कातीने कोणी सरपण फोडत नाही आणि पाडेल्याच्या कोयत्याने कोणी माडाची पोय तासत नाही. दोन्ही लोहाराच्याच भट्टीतून येतात. त्यांतले मजबूत कोणते, असे कोणी विचारत नाही. काम कोणते, एवढेच विचारतात.

गारबर्गला मी वाईट म्हणणार नाही. ती नेटकी, प्रामाणिक घडणीची सुरी आहे. पण तिच्यामुळे जुनी तांबड्या मुठीची सुरी कच्ची ठरत नाही. शंभराहून अधिक वर्षे कष्टकऱ्यांच्या हातांनी तिची परीक्षा घेतली आहे, आणि त्या परीक्षेत ती केव्हाच उत्तीर्ण झाली आहे.