सर्व्हर आणि बस : संगणकाच्या जाळ्यात व उपाहारगृहात

मुंबईहून पुण्याकडे आणि गोव्याकडे जाणारे जुने महामार्ग पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर वेगळे होतात. वाटसरूंना खाऊपिऊ घालणे हा त्यामुळे येथील जुना धंदा. त्याच पनवेलमध्ये जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीचे ७,२०० रॅक मावतील एवढे माहिती केंद्र सुरू झाले. ‘सर्व्हर’ आणि ‘बस’ हे शब्द या दोन्ही व्यवसायांत आहेत.

मागणी येताच ती पुरवणारा तो सर्व्हर. अमेरिकेत वेटरलाही सर्व्हरच म्हणतात. संगणकाच्या जाळ्यातील सर्व्हर स्वतःहून काही पाठवत बसत नाही. ग्राहक-संगणकाने विचारल्यावर पान, चित्र वा पत्र काढून देतो. एकाच वेळी अनेक मागण्या आल्या की रांग लागते.

‘बस’ हा ‘ओम्निबस’ या लॅटिन शब्दाचा तुकडा, अर्थ ‘सर्वांसाठी’. एसटीच्या बसचे मूळही तेच. संगणकात प्रोसेसर, स्मृती व इतर भाग ज्या सामाईक तारांवरून बोलतात ती बस. डीईसी कंपनीने १९७० च्या पीडीपी-८/ई संगणकातील अशा मार्गाला ‘ओम्निबस’ हेच नाव दिले होते. पूर्वी कार्यालयांतील जाळीही याच पद्धतीची असत. बारीक केबलच्या इथरनेटमध्ये १८५ मीटरपर्यंतच्या एका तुकड्यावर ३० यंत्रे जोडता येत, पण एका वेळी एकानेच बोलायचे. दोघे एकदम बोलले तर संदेशांची टक्कर होई, आणि केबल कोठेही तुटली तर त्या तुकड्यावरील सगळीच यंत्रे मुकी होत. पुढे स्विच आला आणि ही रचना मागे पडली.

उपाहारगृहात उष्टी भांडी उचलून टेबल पुसणारा तो ‘बसबॉय’. पडेल ते काम करणारा म्हणून हे नाव पडले, असे मानतात. येथे बस हा मार्ग नसून माणूस आहे, एवढ्यापुरती तुलना तुटते. अडचण मात्र सारखीच. प्रवाशांनी भरलेली गाडी थांबली की भटारखाना तयार असतो, वेटर उभे असतात. टेबलच रिकामे नसते. वेगवान प्रोसेसरही असाच बसवर खोळंबतो.

इंग्रजीत या कामाला ‘बॉय’, मराठीत ‘पोऱ्या’. हे पोराने करायचे काम, असा समज दोन्ही शब्दांत उघड आहे, आणि कित्येक वर्षे ते खरोखरच लहान मुलांनी केले. हॉटेले व ढाब्यांत १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने, कुटुंबाच्या धंद्यातील मदतीसारखे मोजके अपवाद सोडून, ती सर्वच व्यवसायांना लागू झाली. १४ ते १८ वयोगटाला मात्र केवळ धोकादायक कामांत मनाई आहे. टेबलावर फडका मारणारा पंधरा वर्षांचा मुलगा त्यामुळे बालकामगार बंदीच्या कक्षेबाहेर राहू शकतो.