रेडिएटर पंखा

रेडिएटर पंखा हा अंतर्ज्वलन इंजिनाच्या मोटारगाडीत रेडिएटरमधून हवा खेळती ठेवणारा पंखा होय. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड ठेवण्यास बहुधा पुरेसा असतो. गाडी उभी असताना किंवा रहदारीत संथ चालताना मात्र हे काम पंख्यालाच करावे लागते. त्यामुळे पंखा बंद पडल्याचे चालकाला उशिरा कळते. मोकळ्या रस्त्यावर काहीच जाणवत नाही आणि सिग्नलवर, किंवा घाटात मालवाहू गाडीच्या मागे पहिल्या गिअरमध्ये चढताना, तापमानाचा काटा एकाएकी वर सरकतो.

प्रकार

जुन्या गाड्यांत पंखा इंजिनाच्या पुढील बाजूस पट्ट्याने फिरत असे. भारतातील अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत अशीच रचना होती. असा पंखा इंजिनाबरोबर सतत फिरतो; पट्टा तुटला किंवा सैल झाला तरच तो थांबतो. काही मोठ्या गाड्यांत पट्टा व पंखा यांच्यामध्ये सिलिकॉन द्रवाने भरलेला क्लच असतो आणि तो हवा तापल्यावरच पंख्याला पूर्ण गती देतो. इंजिन आडवे बसवलेल्या, पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांत रेडिएटर इंजिनाच्या पट्ट्याच्या रेषेत येत नाही, म्हणून तेथे विजेचा पंखा आला. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० ही याच रचनेची. पुढील विवेचन मुख्यतः विजेच्या पंख्याविषयी आहे.

कार्यपद्धती

इंजिन थंड असताना शीतक (कूलंट) इंजिनातच फिरते. तापमान साधारण ८० ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान पोहोचले की थर्मोस्टॅट उघडतो आणि शीतक रेडिएटरकडे जाऊ लागते. तापमान आणखी वाढून साधारण ९५ ते १०५ अंशांवर गेले की पंखा सुरू होतो व काही अंश उतरल्यावर बंद होतो. म्हणजे इंजिन सुरू केल्यावर पंखा लगेच फिरत नाही, हा दोष नव्हे.

जुन्या रचनेत रेडिएटरवर बसवलेला उष्णतेने जोडला जाणारा स्विच रिलेला किंवा थेट पंख्याला वीज देतो. नव्या गाड्यांत तापमान संवेदक इंजिनाच्या नियंत्रण संगणकाला (ईसीयू) माहिती देतो आणि संगणक रिलेमार्फत पंखा चालवतो. दोन गतींच्या पंख्यात कमी गतीसाठी अनेकदा एक रोधक जोडलेला असतो. तो जळाला तर पंखा फक्त जास्त गतीलाच फिरतो. वातानुकूलन चालू केल्यावर कंडेन्सर थंड ठेवण्यासाठीही बहुतेक गाड्यांत हाच पंखा फिरतो.

बिघाडाची लक्षणे

गाडी थांबली की तापमान वाढते व धावू लागली की उतरते, हे पंख्याच्या दोषाचे ठळक लक्षण आहे. याउलट महामार्गावर वेगात असताना तापमान वाढत असेल, तर दोष बहुधा चोंदलेला रेडिएटर, पाण्याचा पंप किंवा कमी झालेले शीतक यांत असतो आणि पंखा बदलून काहीही साध्य होत नाही. उभ्या गाडीत वातानुकूलन थंड हवा देईनासे होणे, हेही पंखा थांबल्याचे एक पूर्वचिन्ह असते.

तपासणी

सर्वप्रथम शीतकाची पातळी पाहतात, कारण दोष वाटतो पंख्याचा आणि निघतो पातळीचा, असे पुष्कळदा घडते. शीतक कमी असले किंवा नळ्यांत हवा अडकली असली, तर संवेदक द्रवात बुडत नाही. वाफेतून त्याला खरे तापमान कळत नाही आणि इंजिन उकळत असूनही पंखा स्वस्थ राहतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्यावरही असेच होते: इंजिन तापते, पण रेडिएटर आणि त्याची खालची नळी गारच राहते, त्यामुळे रेडिएटरवरील स्विचला उष्णता पोहोचतच नाही. उलट, थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाडीत पंखा क्वचितच लागतो, कारण इंजिन पुरेसे तापतच नाही. उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅटची गरज नाही हा समज काही गॅरेजांत प्रचलित आहे; तो चुकीचा असून त्याने इंधन अधिक लागते व इंजिनाची झीज वाढते.

यानंतर वातानुकूलन चालू करून पाहतात. पंखा फिरला, तर मोटर आणि तिची तार ठीक असून शोध स्विच किंवा संवेदकाकडे वळवावा लागतो. पंखा न फिरल्यास मात्र लगेच निष्कर्ष काढता येत नाही, कारण वातानुकूलनातील वायू गळून गेला असेल तर कॉम्प्रेसर जोडला जात नाही आणि पंख्यालाही आज्ञा मिळत नाही.

मग फ्यूज तपासतात. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर मोटर अडकलेली आहे किंवा तार कोठेतरी धातूच्या सांगाड्याला टेकलेली आहे. अशा वेळी अधिक क्षमतेचा फ्यूज घालणे म्हणजे तारांना आग लावण्याची तजवीज करणे होय. रिलेची परीक्षा त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, तेथे लावून सहज होते. दोन तारांचा स्विच असलेल्या जुन्या गाडीत त्या दोन तारा एकमेकींना जोडल्यावर पंखा फिरला, तर दोष स्विचचा ठरतो. संगणकाने चालणाऱ्या गाडीत ही युक्ती करू नये. तेथे संवेदक तुटल्याचे कळताच अनेक संगणक सुरक्षिततेसाठी पंखा सतत चालू ठेवतात.

मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट देऊनही ती फिरली नाही, तर तीच निकामी आहे. कार्बन ब्रश झिजलेली मोटर टिचकी मारल्यावर काही वेळ चालते आणि पुन्हा थांबते. मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे जोडणी ठीक, असे मात्र समजू नये. गंजलेल्या संपर्कातून मीटरपुरता दाब येतो, पण पंख्याला लागणारा मोठा प्रवाह जात नाही. म्हणून त्या जागी हेडलाइटचा बल्ब लावून तपासणे अधिक खात्रीचे असते.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यास पाती वाकतात किंवा मोटरमध्ये पाणी व चिखल शिरतो. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर तारा कुरतडतात, हेही नेहमीचे कारण आहे. नवी मोटर बसवताना तारा उलट जोडल्या गेल्या, तर पंखा उलटा फिरून समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच विरोध करतो. पंखा चालू दिसत असल्याने ही चूक फार उशिरा उमगते.

तात्पुरते उपाय व सुरक्षितता

तापमान चढू लागल्यास वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण गतीने सुरू केल्याने इंजिनाची काही उष्णता बाहेर जाते. काटा लाल पट्ट्यात गेला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे लागते. तशीच चालवल्यास अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते व हेड गॅस्केट जळते. त्या दुरुस्तीपुढे पंख्याच्या मोटरची किंमत किरकोळ असते.

पंखा ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे इग्निशनबरोबर सतत फिरेल असा जोडणे, हा गॅरेजांतील रूढ तोडगा आहे. फ्यूज व रिले घालून केलेली अशी जोडणी घरी पोहोचण्यापुरती चालते. कायम ठेवल्यास मोटर लवकर झिजते आणि मूळ दोष झाकला जातो.

गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील शीतक दाबाखाली १०० अंशांहून अधिक तापलेले असते आणि झाकण सैल होताच ते उसळून चेहरा व हात भाजतात. इंजिन बंद असतानाही काही गाड्यांचा पंखा आपोआप सुरू होतो, त्यामुळे पात्यांजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढतात.