कोसबाडची टेकडी आणि सदलग्याची अंगणवाडी

रेजिओ एमिलिया हे उत्तर इटलीतील एक शहर असले, तरी बालशिक्षणाच्या क्षेत्रात ते नाव आता एका पद्धतीचे म्हणून ओळखले जाते. ठरावीक धड्याऐवजी मुलाच्या कुतूहलातून निघालेल्या कामाभोवती शिक्षण उभे करावे, वर्गाच्या रचनेला व हाताशी असलेल्या साहित्याला शिक्षकाइतकेच महत्त्व द्यावे आणि शाळेच्या कारभारात पालकांना सामील करून घ्यावे, असा तिचा आशय आहे. 1945 मध्ये फॅसिस्ट राजवटीतून सुटका होताच शहराजवळच्या विला चेल्ला येथील गावकऱ्यांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून बालशाळा बांधायला घेतली, आणि ही वार्ता ऐकून सायकलवरून तेथे गेलेला तरुण शिक्षक लोरिस मालागुझी पुढे या पद्धतीचा प्रवर्तक ठरला.

त्याच 1945 मध्ये मुंबई प्रांतात, ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी गावी, ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाईंनी बालशिक्षणाचे धडे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांच्या सोबतीने गिरवले होते. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार उभा राहिला. या साऱ्याचा आधार मॉन्टेसरी पद्धत, म्हणजे खास घडवलेल्या साधनांशी खेळत मुलाने स्वतःच्या गतीने शिकण्याची पद्धत हा होता, परंतु ती साधने महाग असल्याने तिचा लाभ बहुतेक शहरी मध्यमवर्गालाच मिळत असे. ही अडचण ओळखूनच ताराबाई खेड्याकडे वळल्या, आणि बालविधवा म्हणून वाढलेल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

प्रत्यक्षात बोर्डीच्या परिसरातील वारली आदिवासींच्या पाड्यांवरची मुले शाळेच्या इमारतीकडे फिरकत नसत. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला तोही 1945 मध्येच, हे ध्यानात घेतले तर ज्या घरांत मोठ्यांचे श्रमच स्वतःचे नव्हते तेथे मुलाने सकाळी आंघोळ करून शाळेत यावे ही अपेक्षा किती दूरची होती ते कळते. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या दारात जावे असे ठरले, आणि पाड्यावरच्या एखाद्या अंगणात जमेल त्या मुलांना गोळा करून गाणी, गोष्टी, स्वच्छता व खेळ घेणारी अंगणवाडी आकाराला आली. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने व माती हेच तिचे साहित्य होते. काटकसरीच्या पोटी झालेली ही निवड शिक्षणदृष्ट्याही अधिक सरस होती, कारण ज्या वस्तू मूल रोज हाताळते त्यांतूनच त्याची मोजणी आणि वर्गवारी सुरू होते. पुढे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलले. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा, तसेच पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी, हे तेथील कामाचे ठळक विशेष होत. यांतील पाळणाघर ही साधी सोय नव्हती. कडेवरचे भावंड ठेवायला जागा असल्याशिवाय थोरल्या बहिणीला पाटी हाती घेता येत नाही, हे त्यामागचे कारण होते.

ताराबाई 1973 मध्ये वारल्या. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने देशातील 33 प्रकल्पक्षेत्रांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. रेजिओचे नाव जपण्यासाठी 1994 मध्ये स्वतंत्र संस्था निघाली. कोसबाडचे नाव महाराष्ट्रातील शिक्षणप्रेमींपुरतेच उरले, आणि त्याची कल्पना मात्र लाखो केंद्रांच्या पाट्यांवर जाऊन बसली.

दूधगंगेकाठच्या सदलग्यातही हीच पाटी कन्नड लिपीत दिसते. चिकोडी तालुक्यातील हे गाव ज्या बेळगाव जिल्ह्यात आहे तो बोर्डीच्या केंद्राच्या आरंभकाळी मुंबई प्रांतातच होता आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्यामुळे अंगणवाडी या शब्दाचा प्रवास दिल्लीमार्गे झाला असला तरी तो इथे परका म्हणता येत नाही. मात्र शब्दाबरोबर कोसबाडची सारी रचना आली नाही. योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि 3 ते 6 वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण यांची सांगड असल्याने सेविकेचा बराच वेळ वजनकाटा, शिधा आणि नोंदवह्या यांत जातो, व खेळ उरल्या वेळात बसवावा लागतो. पाळणाघर तर मूळ आराखड्यात नव्हतेच, आणि ऊस व तंबाखूच्या या पट्ट्यात, जेथे बाईची मजुरी शेतात किंवा निपाणीच्या वखारीत असते, तेथे ही उणीव विशेष जाणवणारी आहे. अलीकडे कर्नाटकाने रोजगार हमीवरील मजूर स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी 'कूसिन मने' म्हणजे बाळाचे घर ही पाळणाघरांची योजना आखली. पण ती ग्रामपंचायतींमार्फत चालते, आणि सदलग्यात नगरपालिका आहे.