नोटेवरची दोन भोकं
मौद्यात धान विकून बाबा घरी आले की नोटांची गड्डी उघडणं माझं काम. स्क्रूड्रायव्हरनं जाड पिना उचकायच्या. कधी नोट फाटे, कधी बोट. अशा पिना काढायच्या जबडेवाल्या चिमट्याचं पेटंट शिकागोच्या विल्यम पँकोनिनला १९३६ सालीच मिळालं होतं. आमच्याकडे तो कधी आलाच नाही.

सुटका केली ती एका आदेशानं. ७ नोव्हेंबर २००१ रोजी रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं: गड्डीला पिना मारू नका, कागदी पट्टी बांधा. भोकांमुळे नोटा लवकर खराब होत होत्या.

घरातल्या पेटीत जुनी दहाची नोट सापडली, तर उजेडात धरून बघा. दोन भोकं दिसली, तर तिनं बहुधा तो काळ पाहिलाय. आणि कुणाचं तरी बोटही.